गॉगचा रिव्ह्यू: गेम खरंच आपला होतो, पण पैसे भरताना घाम फुटतो

गॉग म्हणजे पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. सिंगल प्लेअर गेम खेळायचा असेल, जुन्या गेमचा नाद असेल आणि परदेशी साईटवर चालणारं कार्ड खिशात असेल तर गॉगवरनं डोळे झाकून घ्या. कार्ड नसेल किंवा ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायचं असेल तर सरळ स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात जावा, तिथं युपीआयनं दोन मिनिटांत काम होतंय. आता सविस्तर, आणि जरा लांबणार आहे, कारण नुसतं चार स्टार पाच स्टार देऊन यातलं काही कळत नाही.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत असेंबलिंगच्या दुकानात बसतो. पीसी जोडून देणं, विंडोज टाकणं, फॅन बदलणं, प्रोसेसरला पेस्ट लावणं हे रोजचं. दुकानाचं नाव सांगत नाही, जाहिरात नको. गिऱ्हाईक साठ-सत्तर हजार मोजतंय, ग्राफिक्स कार्डाचा बॉक्स सीलबंद आहे का बघतंय, जीएसटीचं बिल मागतंय, वॉरंटी कार्डावर शिक्का मागतंय, आणि एवढं सगळं पक्कं करून झालं की शेवटी म्हणतंय, बरं त्यात चार-पाच गेम टाकून द्या की. टाकून द्या म्हणजे फुकट, हे सांगायला लागत नाही. एक काका कागलहून पोराला घेऊन आलेले, पोरगं अकरावीचं, मी म्हटलं काका आम्ही गेम टाकून देत नाही, विकत घ्यावा लागतो, तर काका म्हणाले, "अहो सत्तर हजार मोजलं की तुमास्नी, आता गेमचं वेगळं पैसं? टीव्ही घेतल्यावर चॅनल दिसतातच न्हवं?" मी काही बोलायच्या आधी पोरगंच म्हणालं, "पप्पा, चॅनलचं पण दर महिन्याला रिचार्ज मारतोय की आपण." काका गप झाले. पण गेम काही घेतला नाही त्यांनी त्या दिवशी, ते पण खरंय.

बरं, फुकट टाकून देणारी दुकानं आहेत, नाही असं नाही. आणि त्यातले बरेच पीसी फिरून आमच्याच टेबलावर येतात. लक्षणं ठरलेली. पीसी नुसता चालू करून ठेवला तरी फॅन घोंगावतोय, काही उघडलेलं नाही, नुसता डेस्कटॉप आहे, तरी सीपीयू तापलाय. टास्क मॅनेजर उघडला की एकदम शांत. बंद केला की परत घोंगावायला सुरू. म्हणजे आत बसलेला जो कोण आहे तो तुम्ही बघताय का हे बघत बसलाय. अँटिव्हायरस उघडायला जावं तर तो गायब, विंडोज अपडेट बंद, आणि पोराला विचारलं की उत्तर एकच, गेम टाकताना अँटिव्हायरस बंद करा असं त्या फाईलीत लिहिलं होतं. 2021 मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीनं क्रॅकोनोश नावाचा एक व्हायरस उघडकीला आणला होता, क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप फोडून फुकट वाटलेल्या गेममधनं घुसायचा, मशीन सेफ मोडमध्ये चालू करून अँटिव्हायरस काढून टाकायचा आणि मग तुमच्या मशीनवर मोनेरो नावाचं डिजिटल चलन कमवत बसायचा, जगभरात 2 लाखांहून जास्त मशीनमध्ये सापडला आणि त्यात भारतातली पण हजारो होती. म्हणजे गेम फुकट, पण लाईट बिल तुमच्या घरचं आणि कमाई दुसऱ्याची.

हे सगळं पोरांना सांगितलं की पोरं ऐकतात, मान हलवतात, आणि मग एकजण हळूच म्हणतो, "पण दादा, क्रॅकवाला तरी नेट नसताना चालतोय." आणि इथं माझी बोलती बंद होते, कारण ते पोरगं खोटं बोलत नाही.

2021 च्या जुलैतला पूर ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टात तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली जाऊन गाव तुटलं होतं. 2021 ला आमच्या भागात पाणी आलं नाही, लाईट पण येऊन जाऊन होती, पण फायबर गेलं ते गेलंच, आणि मोबाईलला रेंज असली तरी मेसेज जायची मारामार. घरात बसून करणार काय, आणि बाहेर जाऊन मदत करायची तर तीही उसंत मिळेल तशीच. रात्री पीसी चालू केला. एका मोठ्या कंपनीचा गेम, पूर्ण पैसे देऊन घेतलेला, सिंगल प्लेअर, मी आणि कॉम्प्युटर एवढाच संबंध, तर त्यांचा लाँचर, म्हणजे गेम उघडायचं त्यांचं ॲप, म्हणतोय साईन इन करा. नेट नाही तर साईन इन कुठून करू? गोल चक्कर फिरतंय फिरतंय आणि शेवटी एरर. त्याच हार्डडिस्कवर गॉगवरनं घेतलेला विचर 3 होता, त्यावर डबल क्लिक केलं आणि तो चालू झाला, कुणाला काही विचारलं नाही, कुठं लॉगिन नाही काही नाही. गॉगचं मला जे आवडतंय ते एवढंच आहे, बाकीचं सगळं नंतर.

आता गॉग म्हणजे काय ते थोडक्यात. पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्टनं 2008 मध्ये सुरू केलेलं दुकान, आधी नाव गुड ओल्ड गेम्स, म्हणजे जुने गेम आताच्या विंडोजवर चालतील असे दुरुस्त करून विकायचे. विचर आणि सायबरपंक 2077 काढणारी तीच ही सीडी प्रोजेक्ट. या लोकांचा इतिहास आपल्याकडच्या माणसाला लगेच पटेल असा आहे. 1994 मध्ये दोन मित्रांनी कंपनी काढली, काम काय तर बाहेरून गेमच्या सीड्या आणून पोलंडात विकणं, आणि तेव्हाचं पोलंड म्हणजे बाजारात उघड्यावर कॉपी केलेल्या सीड्या विकल्या जायच्या, अगदी आपल्याकडं दोन हजार सालानंतर गावोगावी जे चाललं होतं तेच. मग अस्सल कोण घेणार? यांनी 1999 ला बाल्डर्स गेट पोलिश भाषेत आणला आणि डब्यात नकाशा, नियमांचं पुस्तक, गाण्यांची सीडी असं काय काय भरून दिलं, म्हणजे कॉपीवाल्याकडं जे मिळूच शकत नाही ते. कुलूप वाढवलं नाही, माल वाढवला. आणि ते खपलं. गॉगमध्ये तेच डोकं चालवलंय.

घ्यायची पद्धत अशी. गेम घेतला की तो लायब्ररीत दिसतो, तिथं ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर म्हणून लिंका असतात, साध्या ब्राऊझरमधनं उतरवता येतात. एक सेटअपची फाईल आणि तिच्याबरोबर चार-चार जीबीच्या बिन फाईली, मोठा गेम असेल तर अशा डझनभर. गॅलक्सी नावाचा त्यांचा लाँचर आहे पण तो ऐच्छिक आहे, नको असेल तर टाकूच नका. उतरवलेल्या फाईली एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाकायच्या आणि कपाटात ठेवायच्या. मी हे दुकानातच करून बघितलंय: नवीन विंडोज टाकलेली मशीन, लॅन केबल काढलेली, वायफायचं कार्डच नाही, हार्डडिस्क जोडली, सेटअप चालवला, गेम लागला आणि चालू झाला. कोड नाही, अकाउंट नाही, ॲक्टिव्हेशन नाही. नव्या पोरांना यात विशेष काय ते कळत नाही, पण ज्यांनी सीडीच्या कव्हरवरचा तो पंचवीस अक्षरी कोड टाकताना ओ आहे का शून्य आहे यावर डोकं फोडलंय त्यांना विचारा.

कॉपी रोखायची ही कुलपं म्हणजे डीआरएम, ते कुठवर गेलं होतं त्याचे नमुने सांगतो, म्हणजे गॉगवाल्यांना एवढा मान का देतोय ते कळेल. 2008 चा स्पोर, त्यात सेक्युरॉम नावाचं कुलूप होतं आणि सुरुवातीला तीनच ॲक्टिव्हेशन, म्हणजे तीनदा विंडोज फॉरमॅट मारलं की कंपनीला फोन करा आणि हात जोडा. लोकांनी अमेझॉनवर एक-एक स्टार देऊन पान भरून टाकलं आणि त्या वर्षी सगळ्यात जास्त पायरेट झालेल्या गेममध्ये तोच वर. 2010 ला युबिसॉफ्टनं असॅसिन्स क्रीड 2 काढला, खेळताना नेट सतत चालू पाहिजे, नेट गेलं की गेम थांबला, आणि मार्चमध्ये कुणीतरी त्यांच्या सर्व्हरवर हल्ला केला तर पैसे दिलेली माणसं बाहेर बसली. जीटीए 4 ची तर वेगळीच गंमत, त्यात मायक्रोसॉफ्टची गेम्स फॉर विंडोज लाईव्ह नावाची लॉगिनची सोय होती, ते मायक्रोसॉफ्टनंच गुंडाळलं, आणि 2020 च्या जानेवारीत गेम काढणाऱ्या रॉकस्टारला स्टीमवर विकायला नवीन ॲक्टिव्हेशन कोडच मिळेनात म्हणून गेम दुकानातनं काढायला लागला, मग ते सगळं उपटून टाकून मार्चमध्ये परत आणला. म्हणजे कुलूप लावणारा गेला आणि किल्ली त्याच्याच खिशात. 

आणि आताचं राज्य डेनुव्हो नावाच्या कुलपाचं. ऑस्ट्रियाची कंपनी, 2014 च्या फिफा 15 पासून सुरू. यानं क्रॅक करणाऱ्यांना खरंच जेरीस आणलंय, ते मान्य करायला पाहिजे, काही गेम महिनोन् महिने फुटत नाहीत. पण त्रास कुणाला? 2021 च्या नोव्हेंबरात डेनुव्होच्याच एका डोमेनची मुदत संपली, कुणीतरी रिन्यू करायचं विसरलं, आणि विकत घेतलेले मोठमोठे गेम काही तास लोकांच्या मशीनवर चालू होईनात. त्याच सुमाराला इंटेलचे 12 व्या पिढीचे प्रोसेसर आले, त्यात मोठे कोर आणि छोटे कोर असे दोन प्रकार, तर काही गेमच्या डीआरएमला वाटायचं की ही दोन वेगळी मशीन आहेत. आम्ही तेव्हा नवीन प्रोसेसर बसवून देत होतो आणि गिऱ्हाईक फोन करून म्हणायचं दादा तुम्ही बसवल्यापासनं गेम चालंना, आता त्याला काय सांगायचं! रेसिडेंट इव्हिल व्हिलेज तर त्याच्याही वरचा, 2021 मध्ये अस्सल गेम झॉम्बी मारताना अडकायचा आणि क्रॅक केलेला गुळगुळीत चालायचा, शेवटी गेम काढणाऱ्या कॅपकॉमनं जुलैत पॅच काढून ते नीट केलं. चोरानं आधी नीट करून दाखवल्यावर.

पण कंपन्यांची बाजू पण सांगतो, नाहीतर हा रिव्ह्यू एकतर्फी होईल. पायरसीनं कुणाचंच नुकसान होत नाही, तसंही ती पोरं विकत घेणारच नव्हती, हे जे आपण कट्ट्यावर बसून बोलतो ते पूर्ण खरं नाही. 2024 मध्ये डेनुव्होवर एक अभ्यास छापून आला, त्यात असं निघालं की गेम पहिल्या आठवड्यात फुटला तर कमाईत साधारण 20 टक्क्यांचा फटका बसतो. पण त्याच अभ्यासात पुढं असं आहे की 12 आठवड्यांनंतर फुटला तर फरक जवळजवळ शून्य. माझं मत यावरनंच झालंय: तीन महिने लावा कुलूप, तुमचा धंदा आहे, रिलीजच्या वेळेला कमवा, पण मग काढून टाका की. काही कंपन्या काढतात पण. बाकीच्या वर्षानुवर्षं तसंच ठेवतात आणि मग आमच्यासारख्यांना जुन्या मशीनवर ते ओझं ओढायला लावतात.

गॉगवर हा विषयच नाही, डेनुव्होवाला गेम तिथं विकायला ठेवताच येत नाही. एकदा घसरले होते, 2021 ला हिटमॅन आणला आणि त्यातला अर्धा माल ऑनलाइन असल्याशिवाय उघडत नव्हता, लोकांनी रिव्ह्यूमध्ये अशी काही धुलाई केली की महिन्याभरात गेम काढून टाकावा लागला. मला हे बरं वाटलं, चूक केली पण गिऱ्हाइकाचं ऐकलं. आणि एक, 2024 च्या डिसेंबरात ब्लिझार्डनं जुने वॉरक्राफ्ट 1 आणि 2 गॉगवरनं काढून घेतले, विक्री बंद, पण ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्याकडं ते राहिले आणि गॉगनं सांगितलं की यापुढंही आम्ही ते चालतील असे ठेवू. याच्या शेजारी द क्रू ठेवून बघा. 2014 चा रेसिंग गेम, डब्यातनं घेतलेला असो नाहीतर डाउनलोड केलेला, 31 मार्च 2024 ला युबिसॉफ्टनं सर्व्हर बंद केले आणि गेम कायमचा गेला, एकट्यानं गाडी फिरवायची म्हटली तरी नाही. त्यावरनं युरोपात गेम मारू नका म्हणून मोहीम उभी राहिली, 10 लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला, 2025 च्या जानेवारीपासून लागू, की तुम्ही डिजिटल वस्तूचं फक्त लायसन्स विकताय तर तसं गिऱ्हाइकाला आधी सांगा. स्टीमवर कार्टमध्ये आता ती ओळ दिसते, कधी वाचली नसेल तर वाचा.

इथवर वाचून वाटेल की मग स्टीम कशाला, सगळं गॉगवरनंच घेऊ. थांबा, आता दुसरी बाजू.

पैसे. इथं गॉगचे मार्क मी सपासप कापतोय. माझ्या अकाउंटला किंमत डॉलरात दिसते, युपीआय नाही. मग कार्ड. आता आपल्याकडं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 2020 पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ॲपमध्ये जाऊन आपण होऊन चालू करावे लागतात. ते चालू केलं तर लिमिट शून्य, ते वाढवलं तर ओटीपी उशिरा, तोवर पान एक्स्पायर. आणि सगळं जमलं तर बँक करन्सी बदलल्याचे दोन-तीन टक्के वर लावणार आणि त्या चार्जवर जीएसटी. कॉलेजच्या पोराकडं असलं कार्ड असतंय कुठं, त्याच्याकडं असतंय आईच्या खात्याला जोडलेलं युपीआय. जी पोरं क्रॅक सोडून विकत घ्यायला तयार झालीत त्यांना मी गॉगवर पाठवलं तर निम्मी पेमेंटच्या पानावरनंच माघारी येतात.

स्टीमनं हे कधीच ओळखलं. 2015 च्या नोव्हेंबरात रुपयात किंमती आणल्या, आता युपीआय आहे, रुपे आहे, नेटबँकिंग आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचा मालक गेब न्यूवेल 2011 पासून सांगत आलाय की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा नाही, सेवेचा प्रश्न असतो, आणि उदाहरण द्यायचा रशियाचं, जिथं सगळे म्हणायचे लोक फक्त चोरतात, तिथं नीट सेवा दिल्यावर त्यांचा मोठा बाजार उभा राहिला. आमच्या दुकानातल्या टेबलावर बसून मी हे रोज बघतोय. ज्या पोरांनी शाळेत असताना व्हाईस सिटी आणि आयजीआय कधी विकत घेतात हे ऐकलं पण नव्हतं ती आता सेलची तारीख पाठ करून बसलेली असतात, दोनशे-तीनशे रुपयांत गेम मिळतोय, अपडेट आपोआप, सेव्ह क्लाउडवर, तर कोण ते क्रॅकचं झंझट करत बसतोय.

म्हणजे गंमत बघा, ज्या दुकानाचा गिऱ्हाइकावर पूर्ण विश्वास आहे त्याला पैसे देणं अवघड, आणि जे दुकान लाँचरशिवाय बहुतेक गेम उघडू देत नाही तिथं पैसे देणं एकदम सोपं. स्टीमचं कुलूप तसं हलकं आहे, ऑफलाइन मोड आहे आणि बऱ्यापैकी चालतो, फक्त नेट असतानाच एकदा गेम उघडून, अपडेट पूर्ण करून मग ऑफलाइनला टाकायचं, पुराचं पाणी वाढायला लागल्यावर नाही. पण शेवटी लाँचर त्यांचा. 2024 च्या जानेवारीपासून विंडोज 7 ला स्टीमचा सपोर्ट बंद झाला, आमच्याकडं अजून त्या मशीन घेऊन लोक येतात, त्यांचे दहा वर्षांपूर्वीचे गेम त्याच दहा वर्षांपूर्वीच्या मशीनवर चालतील याची आता खात्री देता येत नाही. गॉगचा जुना इन्स्टॉलर कपाटात असेल तर त्याला असला काही फरक पडत नाही.

परताव्याचं सांगायचं तर स्टीमवर 14 दिवस आणि दोन तासांच्या आत खेळलेलं असेल तर पैसे परत, जवळजवळ काही न विचारता. गॉगवर 30 दिवस, आणि खेळला असला तरी चालतंय. डीआरएम नसताना 30 दिवसांचा परतावा, म्हणजे कुणी उतरवून घेऊन पैसे परत मागितले तर हे काय करणार? विश्वासावर चाललंय सगळं. त्यांनी सांगितलंय पण की याचा गैरफायदा घेऊ नका. कोल्हापूरचा माणूस म्हणून सांगतो, एवढा विश्वास दाखवल्यावर फसवायला लाज वाटते. काहींना वाटत नाही, तो भाग वेगळा.

त्यावरनं आठवलं. दुकानात माझ्याकडं गॉगच्या गेमची हार्डडिस्क आहे हे पोरांना कळल्यापासनं मागणी सुरू झाली, दादा तुमचा सायबरपंक पेनड्राइव्हवर द्या की, त्यात तर कुलूपच नाही, म्हणजे चोरी पण नाही. वा रे वा! कुलूप नाही म्हणजे दार उघडं आहे, घर तुझं झालं नाही. कॉपीराइटचा कायदा 1957 चा, त्यात 63ब कलम आहे, कॉम्प्युटर प्रोग्रॅमची चोरीची कॉपी माहीत असून वापरली तर 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. 2012 ला 65अ घातलं, म्हणजे कॉपीराइट मोडायच्या हेतूनं कुलूप फोडणं हाही गुन्हा. पोरगं घरात बसून खेळतंय त्याला पोलीस धरायला येत नाहीत हे मला पण माहीत आहे, पण दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या मशीनवर टाकून दिलं तर ते धंद्यात मोजलं जातं. म्हणून आमच्याकडं नाही म्हणजे नाही. पण कायदा बाजूला ठेवा, मला जास्त वाटतं ते हे की गॉगसारखं दुकान टिकायचं असेल तर त्यांचा माल पेनड्राइव्हवर वाटत सुटून चालणार नाही. उद्या कुठली कंपनी म्हणेल बघा, कुलूप नसलं की हे असं होतंय, आणि परत डेनुव्हो.

बाकीच्या खोड्या पटापट. गेम कमी आहेत, स्टीमच्या पुढं काहीच नाहीत, मोठ्या कंपन्यांचे नवेकोरे गेम येतात ते वर्षा-दोन वर्षांनी नाहीतर येतच नाहीत. पॅच कधीकधी स्टीमपेक्षा उशिरा. अपडेट आलं तर ऑफलाइनवाल्याला बऱ्याचदा अख्खा इन्स्टॉलर परत उतरवावा लागतो, पन्नास-साठ जीबीचा, आणि आपल्या गल्लीतल्या केबलवाल्याच्या नेटवर रात्रभर लावून ठेवायचं म्हटलं तर पहाटे लाईट जाते. स्टीमची फॅमिली सोय, सहा जणांपर्यंत लायब्ररी वाटून घेण्याची, तसलं गॉगला काही नाही, म्हणजे लागत पण नाही म्हणा. मोड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले बदल, टाकायचे असतील तर स्टीमचं वर्कशॉप सोपं. मल्टीप्लेअरला गॉगवर बहुतेकदा गॅलक्सी लागतंच, मग ऐच्छिक कसलं.

मी स्वतः काय करतो तर जो गेम पाच-दहा वर्षांनी पण परत खेळावासा वाटेल, तो सेलमध्ये गॉगवर, कार्डाची कटकट सोसून, कारण ती एकदाच सोसायची असते. जो मित्रांबरोबर खेळायचाय किंवा एकदा संपवून विसरायचाय तो स्टीमवर. आणि स्टीमवर घेताना पानाच्या उजव्या बाजूला खाली एक चौकट असते, त्यात थर्ड पार्टी डीआरएम लिहिलेलं असतं, डेनुव्हो आहे का, वेगळं अकाउंट लागतंय का, दिवसाला पाचच मशीनवर चालणार का, ते आधी वाचायचं. ट्रेलर सगळे बघतात, ती चौकट कुणी बघत नाही आणि मग आमच्याकडं येऊन म्हणतात फसवलं.

मार्क द्यायचेच तर गेम हातात आल्यानंतरचे दहापैकी साडेनऊ आणि गेम हातात येईपर्यंतचे चार. युपीआय आणलं आणि रुपयात किंमत लावली तर मी दुकानात त्यांचा बोर्ड फुकट लावीन, कमिशन पण नको.

एक कामाची गोष्ट राहिली. बिन फाईली आणि सेटअपची फाईल एकाच फोल्डरात ठेवा आणि नावं बदलू नका. एखादी फाईल अर्धवट उतरली किंवा राहिली तर सेटअप मध्येच थांबून पुढची डिस्क टाका असं म्हणतो, आणि ज्यांनी जन्मात सीडी बघितली नाही ती पोरं घाबरून मला फोन करतात की दादा, डिस्क कुठली मागतंय हे, माझ्या पीसीला तर ड्राइव्हच नाही. डिस्क काही नाही, राहिलेली फाईल परत उतरवा, त्याच फोल्डरात टाका आणि ओके दाबा.